कचेरी सरकत सरकत कोळगावला

३१ जुलै २०१४ पर्यंत बोईसरजवळच्या पाम गावातल्या माणसाला स्वतःच्या जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं, तर आधी दुसऱ्याच जिल्ह्यात जावं लागे. बोईसरला गाडी पकडायची, विरार, बोरिवली मागे टाकत दादरला उतरायचं, पुलावरच्या गर्दीतून सेंट्रलच्या फलाटावर यायचं आणि तिथून पुन्हा उत्तरेकडे तोंड करून ठाण्याची लोकल धरायची. वसई-दिवा मार्गावर गाड्या होत्या, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. रस्त्यानं निघालं तर चिल्हार फाट्यावरून हायवेला लागायचं आणि घोडबंदरच्या कोंडीत अडकायचं. जमिनीचं वरचं अपील असो, जिल्हा परिषदेतली बदली असो, नाहीतर सेशन्स कोर्टातली तारीख असो, एका सहीसाठी अख्खा दिवस जाई. साहेब मीटिंगला गेलेले असले, तर दुसरा दिवसही.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा झाला. वृत्तपत्रांनी त्याला विभाजन म्हटलं. पण या किनाऱ्यावर विभाजन ही काही नवलाई नव्हती. पामसारखं गाव जागचं हललेलं नाही. त्याच्यावर हुकूम चालवणारी कचेरी मात्र गेली साडेचारशे वर्षं सारखी हलते आहे. ती कुठून कुठे गेली आणि का गेली, हे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. कचेरी लोकांच्या सोयीनं सहसा गेलेली नाही, ती वाहतुकीच्या सोयीनं गेली. गलबतांचे दिवस होते तेव्हा ती बंदरात होती, रेल्वे आली तेव्हा स्टेशनाजवळ गेली. डोंगरात राहणाऱ्यांच्या वाट्याला दर वेळी उरलेलं अंतर आलं.

पाम बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला आहे, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला टेकलेलं. आसपास कोळवडे, कुंभवली, टेंभी; पुढे समुद्राकाठी नवापूर, आलेवाडी, नांदगाव, मुरबे. इथली जुनी माणसं मुलुखाचे दोनच भाग सांगतात, बंदरपट्टी आणि जंगलपट्टी. बंदरपट्टीत मांगेले, वाडवळ, भंडारी; मासळी, वाड्या, भाजीपाला. पूर्वेला रेल्वे आणि हायवे ओलांडला की जंगलपट्टी; तिथे वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी; नाचणी, वरई आणि पावसाळा संपला की कामासाठी बंदरपट्टीकडे किंवा वीटभट्ट्यांवर स्थलांतर. सरकारी नकाशावर ही रेघ कधीच नव्हती. तरी सगळ्या सरकारी रेघा तिच्यावरून जाताना ठेचकाळल्या.

पहिला ठळक नकाशा पोर्तुगीजांचा. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई त्यांना दिली आणि १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतलं. वसई आणि दमण ही त्यांच्या उत्तरेकडच्या प्रांताची दोन मोठी ठाणी झाली. तारापूर, डहाणूकडचा किनारा दमणच्या हिशेबात धरला जाई. म्हणजे पामच्या परिसराचं तेव्हाचं मुख्य ठाणं आज वेगळ्याच केंद्रशासित प्रदेशात आहे! कारभार समुद्रावरून चाले, त्यामुळे तारापूरच्या माणसाला दमण दूर नव्हतं. भरतीला गलबत सुटलं की वारा पडेल त्यावर प्रवास. किनाऱ्यावर माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर असे एकाआड एक किल्ले आणि कोट उभे राहिले ते या समुद्रमार्गाच्या राखणीला. डोंगरात मात्र पोर्तुगीजांची सत्ता फारशी शिरली नाही. तिथे जव्हारला मुकणे घराण्याचं कोळी राज्य होतं. जयबानं ते चौदाव्या शतकात, परंपरेप्रमाणे १३४३ मध्ये, स्थापलं. खाली बंदरपट्टीत सत्ता बदलत गेल्या, वर जव्हारात तेच घराणं पुढची सहाशे वर्षं टिकलं. त्यांना खंडणी द्यावी लागली, मुलूख गमवावा लागला, पण गादी राहिली.

१७३७ ते १७३९ ही चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेची वर्षं. शाळेच्या पुस्तकात वसईचा वेढा येतो आणि धडा संपतो. पण वसई पडण्याआधी उत्तरेकडचा किनारा मोकळा करावा लागला होता. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव हाती आलं आणि मग तारापूर. तारापूरचा किल्ला सुरुंग लावून, तटावर चढून घ्यावा लागला आणि त्यात बाजी भीवराव रेठरेकर हा पेशव्यांच्या घरोब्यातला सरदार पडला. तो बाजीराव आणि चिमाजी दोघांच्याही जिवाभावाचा होता. मेमध्ये वसई पडली आणि दमणचा अंमल या गावांवरून कायमचा उठला. तारापूरचा किल्ला पुढे विकाजी मेहेरजी या पारशी घराण्याकडे इनाम म्हणून गेला. आज त्याच्या आत वाडी आहे. ज्या तटासाठी एवढी माणसं कापली गेली, त्याच्या आतून नारळ उतरतात.

मराठी अमलातले परगणे, महाल, तर्फा इंग्रजांनी घेतल्या त्या एका तहानं. १८१७ च्या जूनमध्ये पुण्याच्या तहात दुसऱ्या बाजीरावानं उत्तर कोकण सोडलं. इंग्रजांनी त्याचा उत्तर कोकण नावाचाच जिल्हा केला आणि १८३३ पासून त्याला ठाण्याचं नाव पडलं. कलेक्टर ठाण्यात बसू लागला. मुंबईच्या गव्हर्नराला तो हाताशी हवा होता, डहाणूकरांना तो किती लांब पडेल हा प्रश्न कुणाच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं. जुन्या तर्फा, म्हणजे गावांचे महसुली गट, मोडल्या, पण नावात चिकटून राहिल्या. पालघर तालुक्यात दोन नांदगावं आहेत. एक नांदगाव तर्फे तारापूर, दुसरं नांदगाव तर्फे मनोर. दहिसरही तसंच. सातबारावर आजही तसंच लिहिलेलं असतं. कागद काढायला गेलेल्या माणसानं तर्फ सांगितली नाही, तर समुद्राकाठच्या नांदगावऐवजी मनोरकडच्या नांदगावचा उतारा हातात पडायचा.

ठाणे जिल्हा सुरुवातीला अवाढव्य होता आणि पुढची दोनशे वर्षं तो झिजत गेला. १८६९ मध्ये कुलाबा जिल्हा त्याच्यातून कायमचा वेगळा झाला. १८८३ मध्ये पनवेल कुलाब्याकडे गेलं. १९२० मध्ये साष्टीचा दक्षिण भाग काढून मुंबई उपनगर जिल्हा केला. हे सगळे तुकडे दक्षिणेकडून पडले, कारण मुंबई तिकडे वाढत होती. उत्तरेकडच्या तालुक्यांना हात लावण्याची कुणाला गरज वाटली नाही.

तालुक्याची कचेरी मात्र हलली. पाम ज्या तालुक्यात होतं त्याचं नाव होतं माहीम. मुंबईचं माहीम वेगळं, हे केळवे-माहीम. किल्ला, बंदर, पानमळे आणि नारळीच्या वाड्यांचं गाव. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये तालुका माहीमच आहे. पण त्याआधीच, १८६० च्या दशकात, मुंबईहून सुरतेकडे जाणारी बी. बी. अँड सी. आय. रेल्वे किनारा सोडून आतून गेली होती. खाड्यांच्या तोंडाशी मोठमोठे पूल बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडलं असावं. रूळ माहीमपासून पाच-सहा मैल पूर्वेला पडले आणि तिथे पालघर नावाचं स्टेशन झालं. मग व्यापारी स्टेशनाजवळ गेले, वखारी गेल्या, शेवटी मामलेदारही उठला आणि पालघरला जाऊन बसला. तालुक्याचं नावसुद्धा पालघर झालं. माहीमकरांना त्याचं काय वाटलं असेल ते समजू शकतं. शतकानुशतकांचं ठाणं एका स्टेशनापुढे हरलं. अशीच गत तारापूरची. त्याचं स्टेशन बोईसर, आणि आज बोईसरच्या गर्दीत तारापूर हे जुनं बंदर असल्याची आठवणही कुणी काढत नाही.

पालघरची ही कचेरी इतिहासात आली ती १४ ऑगस्ट १९४२ ला. मुंबईत ८ ऑगस्टला 'छोडो भारत'चा ठराव झाला, पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि आठवडाभरात बंदरपट्टीतली गावं उठली. सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड, शिरगाव अशा गावांतून माणसं चालत पालघरकडे निघाली. बेत साधा होता, मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायचा. पोलिसांनी गोळीबार केला. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, सालवडचे सुकुर गोविंद मोरे आणि पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी असे पाच जण गेले. त्यातली नांदगाव, मुरबे आणि सालवड ही तीन गावं पामच्या पंचक्रोशीतली. पालघरचा हुतात्मा स्तंभ त्यांचा. दर १४ ऑगस्टला तिथे माणसं जमतात आणि त्या दिवशी बाजारपेठ बंद असते. जिल्ह्याच्या मागणीसाठी पुढे जेव्हा जेव्हा भाषणं झाली, तेव्हा पालघरचा हक्क सांगताना या दिवसाचा उल्लेख झाला नाही असं क्वचितच झालं असेल. त्यात चूक काही नाही. लोकांनी कचेरीसाठी रक्त सांडलं असेल, तर ती कचेरी आपली, असं त्यांना वाटणारच.

स्वातंत्र्यानंतर दोन मोठे बदल झाले, एक जोडण्याचा आणि एक तोडण्याचा. जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं आणि त्याचा मुलूख ठाणे जिल्ह्यात आला. राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेत निवडून गेले. तीनशे चौरस मैलांचं, स्वतःचा राजवाडा, स्वतःची दरबारी व्यवस्था असलेलं जव्हार एका रात्रीत शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या ठाण्याचं टोकाचं तालुका-ठिकाण झालं. राजधानीचा माणूस दादपुकारीसाठी भिवंडी ओलांडू लागला.

तोडण्याचा बदल १ मे १९६० चा. महाराष्ट्र झाला त्या आनंदात उंबरगाव गेलं. त्याआधीची काही वर्षं डहाणू-उंबरगाव पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी दावे चालू होते. शेवटी उंबरगाव तालुक्यातली ४७ गावं आणि ३ शहरं गुजरातच्या सुरत जिल्ह्याकडे गेली. उरलेली २७ गावं आधी डहाणूला जोडली आणि १९६१ मध्ये त्यांचा तलासरी हा वेगळा महाल केला. म्हणजे तलासरी हे उरलेल्या गावांतून घडलेलं ठिकाण. पंधराच वर्षांपूर्वी, १९४५ मध्ये, याच उंबरगाव-डहाणू पट्ट्यात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला होता. त्या वेळी लाल बावट्याखाली एकत्र आलेल्या पाड्यांच्या मधून राज्याची सीमा गेली. भाऊ इकडे, बहीण तिकडे. मुलांच्या शाळेच्या पाट्याही बदलल्या. तलासरीतल्या वेवजी आणि पलीकडच्या सोळसुंबा या गावांत हद्द नेमकी कुठे, यावरून अजूनही खटके उडतात.

पामच्या आयुष्यात मात्र त्यानंतरचं दशक जास्त मोठं ठरलं. समुद्राकाठी अक्करपट्टीजवळ देशातला पहिला अणुऊर्जा प्रकल्प आला. २१० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये चालू झाल्या. नाव मिळालं तारापूरचं. नंतर ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावंच्या गावं उठली. सत्तरच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानं बोईसरच्या पश्चिमेला जमिनी घेतल्या. सरावली, सालवड, पास्थळ, कोळवडे, कुंभवली, पाम अशा गावांच्या. मुंबईतले कारखाने बाहेर जावेत असं धोरण होतं आणि इथे रेल्वे होती, हायवे होता, सूर्या नदीचं पाणी येणार होतं. रसायनं, रंग, औषधं, पोलाद, कापड. भाताच्या खाचरांवर प्लॉट नंबर पडले. शेतकऱ्याच्या सातबारावर महामंडळाचं नाव चढलं. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कामगारांच्या चाळी उभ्या राहिल्या आणि सांडपाण्याची पाइपलाइन नवापूरच्या समुद्रात गेली. मासळी कमी झाल्याची मांगेल्यांची तक्रार तेव्हापासूनची आहे. ती राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचली.

देशभर नाव झालेल्या या पट्ट्यात साधी ग्रामपंचायतच राहिली. कारखान्यांच्या परवानग्या मुंबईतून, अणुप्रकल्पाचे निर्णय दिल्लीतून, महसूल ठाण्यातून. स्फोट झाला, आग लागली की जिल्हाधिकारी ठाण्याहून निघणार. 'जिल्हा हवा' हे मग केवळ अस्मितेचं बोलणं उरलं नाही.

मागणी जुनीच होती. महाराष्ट्र झाला तेव्हा २६ जिल्हे होते. १९८१-८२ मध्ये सिंधुदुर्ग, जालना, लातूर, गडचिरोली झाले, १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये नंदुरबार आणि वाशीम, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया. ठाणे मात्र तसंच राहिलं. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार भरली; देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा. १५ तालुके, विधानसभेचे २४ मतदारसंघ. एका बाजूला ठाणे, कल्याण, नवी मुंबईतले मॉल आणि दुसऱ्या बाजूला मोखाड्यातले कुपोषणाचे मृत्यू, आणि दोन्हींचा जिल्हाधिकारी एकच. १९९२ मध्ये जव्हारजवळच्या वावर-वांगणीत बालमृत्यूंनी हाहाकार उडाला तेव्हा राज्य हादरलं. पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकारी बसवला गेला. अर्धा जिल्हा दिला म्हणायचा!

विभाजन रखडलं ते प्रामुख्यानं मुख्यालयावरून. जव्हारचं म्हणणं असं: आदिवासींसाठी जिल्हा करताय ना, मग कचेरी आदिवासींत बसवा. इथे संस्थान होतं, इमारती आहेत, अपर जिल्हाधिकारी आहेच. पालघरचं म्हणणं: इथे रेल्वे आहे, बोईसरचे उद्योग आहेत, लोकवस्ती आहे. वसईकरांना तर दोन्ही नको होतं. १२ लाखांवर लोकसंख्येची त्यांची महापालिका २००९ मध्येच झाली होती आणि वसईतून ठाणं काही पालघरहून फार लांब नव्हतं. हा वाद कुणी जिंकावा हे सांगायला फार विचार करावा लागत नाही. एप्रिल २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली आणि माझ्या मते निकाल त्याच दिवशी लागला. पूर्वी माहीम ज्याच्यापुढे हरलं, त्याच स्टेशनापुढे जव्हार हरलं.

मे २०१४ मध्ये लोकसभेत काँग्रेस आघाडीचा धुव्वा उडाला. ऑक्टोबरमध्ये विधानसभा होती. जूनमध्ये पृथ्वीराज चव्हाणांच्या मंत्रिमंडळानं पालघर जिल्ह्याला मंजुरी दिली आणि १ ऑगस्टला, महसूल दिनाच्या दिवशी, मुख्यमंत्र्यांच्या हस्ते जिल्हा सुरू झाला. पंचवीस-तीस वर्षं न सुटलेली गाठ सात आठवड्यांत सुटली. त्याचं श्रेय निवडणुकीला द्यायला हरकत नाही, काँग्रेसला त्याचा उपयोग झाला नाही ही गोष्ट वेगळी. पालघर, डहाणू, तलासरी, वसई, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे आठ तालुके नव्या जिल्ह्यात आले. क्षेत्रफळ ५,३४४ चौरस किलोमीटर, लोकसंख्या २९ लाख ९० हजार, त्यात अनुसूचित जमाती ३७ टक्क्यांवर. जुन्या जिल्ह्याची निम्म्याहून जास्त जमीन पालघरला आली आणि लोकसंख्या पावाहून थोडीच जास्त. आमदार २४ पैकी ६. जमीन, जंगल आणि धरणं इकडे, पैसा आणि मतं तिकडे, अशी ही वाटणी. अभिजित बांगर पहिले जिल्हाधिकारी झाले.

जिल्हा झाला, पण बसायला जागा नव्हती. कार्यालयं पालघरभर विखुरली, कुठे भाड्याच्या, कुठे उसन्या जागेत. मुख्यालयासाठी पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगाव आणि आसपासच्या गावांतली दुग्धविकास खात्याची ४४० हेक्टर जमीन सिडकोकडे दिली. सौदा असा की सिडकोनं सरकारी इमारती बांधून द्यायच्या आणि बदल्यात उरलेल्या जमिनीवर नवनगर वसवून पैसे उभे करायचे. ऑगस्ट २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते ते संकुल सुरू झालं. भातशेतीच्या मधोमध मोठमोठे खांब आणि रुंद पायऱ्यांची ती इमारत दुरून राजधानीसारखी दिसते. जवळ गेलं की बाहेर झेरॉक्सवाला, स्टॅम्पवाला आणि चहाची टपरी, म्हणजे खरी कचेरी सापडते. पामच्या माणसाचं काम आता अर्ध्या दिवसात होतं. बोईसरपर्यंत रिक्षा, तिथून पालघरची एसटी. दमण, ठाणं असं फिरून कचेरी शेवटी त्याच्या उंबऱ्याशी आली.

पण नव्या रेघेलाही जुन्या खोडी आहेत. सूर्या प्रकल्पाचं धामणी धरण विक्रमगड तालुक्यात. ते बांधलं डहाणू-पालघरच्या आदिवासी शेतीसाठी. त्याचं पाणी आज वसई-विरारला जातंच, शिवाय मीरा-भाईंदरलाही द्यायचं ठरलं, जे ठाणे जिल्ह्यात आहे. कालव्याच्या टोकाचा शेतकरी पाण्याची वाट पाहतो. पोलिसांचंही तसंच. २०१४ ला ठाणे ग्रामीणमधून पालघर पोलीस वेगळे झाले. १ ऑक्टोबर २०२० ला मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय झालं आणि वसईचे पोलीस पुन्हा ठाणे जिल्ह्यात बसलेल्या आयुक्ताखाली गेले. महसूल कोळगावला, फौजदारी मीरा रोडला. वसईकर अजूनही पत्ता सांगताना जिल्ह्याचं नाव घ्यायला जरा अडखळतात.

आणि मोखाडा. तिथून जव्हार, विक्रमगड, मनोर असं करत घाट उतरून पालघरला यायचं म्हणजे शंभरच्या आसपास किलोमीटर. त्र्यंबकमार्गे नाशिक त्याहून जवळ पडतं. बाजार नाशिकचा, कॉलेजचा ओढा नाशिककडे. जव्हार-मोखाड्यातला पेशंट गंभीर झाला की अँब्युलन्स आजही घाट उतरून पालघरला येत नाही. ती त्र्यंबकच्या रस्त्याला लागते आणि जिल्हा ओलांडून नाशिकच्या सिव्हिलला जाते.